पणजीची लग्नाची साडी कशी जपावी: बेने इस्राएल घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागातून मुंबईला आणि तिथून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांमध्ये एक तरी जुनं वस्त्र असतंच. कुठे पणजीचा जरीचा शालू, कुठे मेंदीच्या रात्री नेसलेली हिरवी साडी, कुठे सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) लग्न लागताना नेसलेली पांढरी साडी, तर कुठे आजोबांचा लोकरी तलीत, म्हणजे प्रार्थनेची शाल. १९४८ च्या आसपास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा गावांत जाऊन स्थिरावले. सामान मोजकंच न्यायचं होतं, आणि तरीही त्यात ही वस्त्रं होती. आता ती तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात आली आहेत. या पिढीला मराठी जेमतेम येते, आणि साडीची घडी कशी घालायची हे कुणी शिकवलेलं नसतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि मुंबई-ठाण्यात राहून असं वस्त्र सांभाळणाऱ्यांसाठीही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: आधी नोंद करा, मग हात लावा. वस्त्रावरची प्रत्येक घडी, डाग आणि शिवण हा पुरावा आहे. हौसेने केलेल्या एका धुलाईत तो कायमचा जातो.

उघडण्याआधी

ट्रंक किंवा कपाट उघडल्यावर साडी लगेच झटकून पसरू नका. जशी ठेवली आहे तसाच तिचा फोटो काढा. पेटीचा, पेटीवरच्या नावाचा किंवा पत्त्याचा, आत अंथरलेल्या वर्तमानपत्राचाही फोटो घ्या. वर्तमानपत्रावर तारीख असते, आणि पेटी शेवटची केव्हा लावली याचा तोच सगळ्यात सोपा पुरावा. फोटो झाल्यावर मात्र ते वर्तमानपत्र साडीपासून वेगळं करा. जुना कागद आम्ल सोडतो आणि कापड पिवळं पाडतो.

मोठ्या टेबलावर किंवा जमिनीवर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, हात धुऊन कोरडे करा, क्रीम लावू नका. जरी असेल तर हातमोजे घाला, कारण घामातल्या मिठाने चांदी काळवंडते. मग एकेक घडी सावकाश उलगडा. घडी मोडताना करकर आवाज आला किंवा रेशीम चिरलं, तर तिथेच थांबा. अशी साडी पूर्ण उघडायचा हट्ट धरू नये. दिसेल तेवढ्याची नोंद पुरे.

उघडता आली तर दोन्ही काठ, पदर, दुसरं टोक, प्रत्येक डाग, प्रत्येक फाटकी जागा आणि जुनं रफू यांचे जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. लांबी-रुंदी मोजा. साडीला मध्ये जोड असेल तर तो कुठे आहे हे लिहा. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर भरते. सहावारीएवढीच निघाली तर कापलेली कड शोधा: पुढच्या पिढीत पाचवारी-सहावारीची पद्धत आल्यावर कुणीतरी ती कमी केलेली असू शकते, आणि राहिलेला तुकडा दुसऱ्या बहिणीच्या घरी असू शकतो.

गोष्ट लिहून घ्या, आणि मराठीतच

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. कापड अजून पन्नास वर्षं टिकेल, पण सांगणारी आजी किंवा आत्या तेवढी थांबणार नाही.

रेकॉर्डिंग मराठीतच करा, नातवंडांना समजत नसलं तरी. लग्नातली गाणी, नात्यांची नावं, साडीच्या रंगांची नावं आजीला मराठीतच आठवतात. हिब्रूत विचारलं तर ‘हो, लग्नाची साडी आहे’ एवढंच उत्तर मिळतं. भाषांतर नंतर सावकाश करता येतं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शाब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या घरी लिहिणं आणि यंत्र लावणं टाळतात, म्हणून भेट त्याआधी किंवा त्यानंतर ठरवा.

‘ही साडी केव्हाची?’ असं विचारू नका, नेमकं साल क्वचितच कुणाला आठवतं. प्रसंग विचारा. आजी, मेंदीला काय नेसली होतीस आणि दुसऱ्या दिवशी काय? हिरव्या बांगड्या कुणी भरल्या? साडी कुणी आणली, सासरच्यांनी की माहेरच्यांनी? लग्न कुठल्या सिनेगॉगमध्ये लागलं? ही साडी त्यानंतर कधी नेसलीस? मलिद्याला (नवस-आभाराच्या विधीला), सणाला, मुलाच्या सुंतेला? इस्राएलला निघताना पेटीत काय भरलं आणि काय मागे ठेवलं? मागे ठेवलेलं कुणाला दिलं? या शेवटच्या प्रश्नाला सहसा लांब उत्तर मिळतं. ते मध्ये तोडू नका.

एक गोष्ट आवर्जून विचारा: साडीने प्रवास किती वेळा केला? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या वागणुकीविरुद्ध आंदोलन करून काही बेने इस्राएल कुटुंबं भारतात परत आली होती, आणि त्यातली बरीचशी नंतर पुन्हा गेली. त्या कुटुंबांपैकी कुणाची साडी असेल तर तिचा प्रवास सरळ एका दिशेचा नसेल.

आडनावावरून घाईने निष्कर्ष काढू नका. किहीमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे, पेणकर पेणचे, हे मूळ गाव झालं. साडी घेईपर्यंत घर मुंबईत येऊन दोन-तीन पिढ्या झालेल्या असू शकतात. मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, शार हाराहमीम, १७९६ चं आहे. तेव्हापासून गावाकडून शहरात येणं चालूच होतं.

आता कागद. साडीचं साल ठरवायला केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, सगळ्यात उपयोगी. त्यावर हिब्रू साल सहसा पूर्ण शब्दांत लिहिलेलं असतं; ते नुसत्या हिब्रू अक्षरांत असेल तर हजाराचा आकडा (पाच हजार) गाळलेला असू शकतो. तो जोडून आलेल्या सालातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतं. लग्न तिश्रीपासून (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरपर्यंतच्या काळातलं असेल तर ३७६१ वजा करा. उदाहरणार्थ, ५७११ सालचा अदार महिना म्हणजे १९५१, आणि त्याच ५७११ चा तिश्री म्हणजे १९५०. केतुबा सापडला नाही तर लग्नाचा फोटो पाहा आणि त्यामागे स्टुडिओचा शिक्का आहे का ते बघा. इस्राएलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या विवाहांना धार्मिक मान्यता देताना वंशावळीची चौकशी होत असे. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये ती भेदभावाची अट मागे घेतली गेली. त्या काळातले विवाहाचे अर्ज, दाखले, पत्रं घरात असतील तर साडीच्या फाइलीत त्यांच्या प्रती ठेवा. साडी कुणाची, ती कुणाची मुलगी, हे त्यांत पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असतं.

सगळं झालं की एक पान तयार करा: वस्त्र काय, कुणाचं, कुठल्या लग्नातलं, कुठून कुठे गेलं, माहिती कुणी दिली, नोंद कधी केली. आजीने सांगितलेलं आणि तुम्ही अंदाजाने जोडलेलं वेगळं लिहा. हे पान मराठी आणि हिब्रू, दोन्ही भाषांत हवं. त्याची एक प्रत साडीबरोबर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

साडीवर खूण करायची तर स्टिकर, टाचणी, पेन यांतलं काही नको. धुतलेल्या सुती फितीवर न पसरणाऱ्या शाईने आधी नाव लिहा, शाई वाळू द्या, आणि पदराच्या विरुद्ध टोकाला दोन-तीन सैल टाक्यांनी फीत लावा.

कापड काय आहे

भिंग घेऊन जरी पाहा. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की चांदी करडी-काळी पडते. तांब्यावर केलेली जरी लालसर किंवा हिरवट होते. प्लास्टिकच्या पट्टीची जरी काळवंडतच नाही, आणि ती दिसली तर साडी तुम्ही समजता तेवढी जुनी नसण्याची शक्यता मोठी.

धागा जाळून पाहायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखं जळतं. कडेला आपोआप सुटलेला तंतू असेल तरच हे करा, त्यासाठी साडीचा धागा ओढून काढू नका. रंग अतिशय झगझगीत असला तरी साडी नवी ठरत नाही, कारण कृत्रिम रंग १८५६ पासून तयार होत आहेत.

जरीची किंमत करायला सोनाराकडे किंवा जुन्या जरीच्या व्यापाऱ्याकडे जाऊ नका. चांदीसाठी जरीच्या साड्या जाळायचा धंदा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. कित्येक घरांतले शालू बोहारणीच्या भांड्यांच्या बदल्यात गेले. त्या दराने ठरलेली किंमत या वस्त्राची किंमत नव्हे.

स्वच्छता: जमेल तितकी कमी

जरीची रेशमी साडी घरी धुवायची नाही. ड्रायक्लीनिंगलाही द्यायची नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पॉलिश यांनी जरी चकाकते, पण मुलामा निघून जातो. पांढरी साडी पिवळी पडली म्हणून नीळ किंवा ब्लीच लावू नका. ब्लीच रेशमाला अक्षरशः विरघळवतं.

करायचं ते एवढंच: धूळ काढायची. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा, आणि तोंड कापडाला न टेकवता थोडं वर धरून सावकाश फिरवा. उसवलेल्या जागा टाळा.

डागांबद्दल माझं मत ठाम आहे. मेंदीचा डाग काढू नका. मेंदीचा रंग रेशमाच्या तंतूत पक्का बसतो, तो काढताना कापड जाईल पण डाग जाणार नाही. आणि गेला असता तरी नको. बेने इस्राएल लग्नात मेंदीची रात्र म्हणजे अर्धं लग्न, आणि पदरावरचा तो तपकिरी ठिपका त्या रात्री नवरीच्या अंगावर हीच साडी होती याची साक्ष आहे. त्याचा फोटो काढा, नोंदीत लिहा, आणि तसाच राहू द्या. तेलाचे, चहाचे, नारळाच्या पाण्याचे डागही घरी घासू नयेत. फार वाईट दिसत असेल तर वस्त्रसंवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. इस्राएलमध्ये जवळच्या संग्रहालयात चौकशी करा.

कसर आणि बुरशी

रेशीम आणि लोकर यांना कसर लागते. बारीक छिद्रं, वाळूसारखी विष्ठा, पांढरी जाळी दिसली की ते वस्त्र बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ आरोग्याला वाईट, आणि त्यांचे स्फटिक कापडावर बसतात. कडुनिंबाचा पाला हवाच असेल तर पुरचुंडीत बांधून पेटीच्या बाहेर ठेवा, कापडाला लागू देऊ नका.

कीड मारायचा खात्रीचा घरगुती उपाय थंडी. साडी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून कापड ओलं होईल. नंतर मेलेले किडे आणि अंडी जाळीतून व्हॅक्यूमने काढा. मणी, आरसे, चिकटवलेलं काम असलेल्या वस्त्राला हा उपाय करू नका.

बुरशीचं वेगळं. तिचा वास येत असेल तर आधी सावलीत, वाहत्या हवेत वस्त्र पूर्ण कोरडं करा, आणि मगच घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. ओली बुरशी झाडली तर ती कापडात घुसते.

ठेवायचं कसं

प्रत्येक घडी म्हणजे उद्याची चीर. शक्य असेल तर साडी गुंडाळीवर ठेवा. जाड कागदी नळी घ्या, तिच्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, वर आम्लमुक्त कागद किंवा स्टार्च काढलेलं मलमल, आणि मग साडी. जरीची उठावदार बाजू बाहेरच्या अंगाला ठेवून सैल गुंडाळा आणि वरून पुन्हा मलमल. जागा नसेल तर घडीच घाला, पण प्रत्येक मोडीत आम्लमुक्त कागदाची जाडसर वळकटी ठेवा म्हणजे कापड तीव्र कोनात मोडणार नाही. वर्षातून एकदा घडीची जागा बदला. साड्या एकावर एक रचायच्या झाल्या तर जड खाली.

लाकडी पेटी आणि सागवानी कपाट दिसायला सुंदर, पण लाकडातून आम्ल निघतं. आत धुतलेल्या मांजरपाटाचं दुहेरी अस्तर लावा. दुकानातून मिळालेलं प्लास्टिकचं साडी कव्हर काढून टाका. त्यात ओल अडकते, आणि पीव्हीसी असेल तर ते जुनं झाल्यावर चिकट होतं.

राहता कुठे यावर पुढचं ठरतं. मुंबई, अलिबाग किंवा अश्दोद, म्हणजे समुद्राकाठची दमट खारी हवा, जरी काळवंडवणारी आणि बुरशी वाढवणारी. तिथे पेटी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, जमिनीपासून वर ठेवा, पावसाळा संपला की कोरड्या दिवशी उघडून सावलीत हवा द्या. दिमोना, येरुहाम, बेरशेबा हा नेगेव वाळवंटाचा प्रदेश. तिथे धोका उलटा: कोरड्या हवेत रेशीम ठिसूळ होतं, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कापडाला सतत ताणतो. तिथे पेटी माळ्यावर किंवा बाल्कनीच्या कपाटात नको, घराच्या मधल्या खोलीत हवी. दोन्हीकडे आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. साधा आर्द्रतामापक घेऊन कपाटात ठेवा.

भिंतीवर कायमची फ्रेम लावू नये असं मला वाटतं. प्रकाशाने गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयंसुद्धा अशा कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, आणि तोही काही महिनेच.

तलीत आणि सिनेगॉगची वस्त्रं

यांना आणखी एक नियम आहे, आणि तो संवर्धकालाही सांगावा लागतो. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, लोकर आणि जवसाच्या झाडापासूनचं लिनन एका वस्त्रात एकत्र करायला मनाई आहे. लोकरी तलीत दुरुस्त करताना लिननचा धागा वापरला तर तो धार्मिकदृष्ट्या घालण्याजोगा राहत नाही. सुती किंवा रेशमी धागा वापरा आणि तसं लिहून ठेवा. सिसीतच्या (तलीतच्या कोपऱ्यांवरच्या गोंड्यांच्या) गाठी सोडू नका, तुटल्या असतील तर हाझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. जीर्ण झालेलं पवित्र वस्त्र कचऱ्यात टाकत नाहीत. सिनेगॉगमध्ये त्यासाठी जागा असते, तिथे सोपवतात.

लग्नाच्या वस्त्रातून तोराच्या कपाटाचा पडदा किंवा सेफेरचं (तोराच्या गुंडाळीचं) आवरण करायची प्रथा ज्यू जगात जुनी आहे. ऑटोमन तुर्कस्तानातल्या भरजरी लग्नाच्या झग्यांचे असे पडदे झाले आहेत. तुमच्या घरातही हा विचार निघाला तर साडी न कापता करा: अस्तराच्या कापडावर साडी दुमडून, सैल टाक्यांनी धरून, पुन्हा सोडवता येईल अशी.

विमानाने नेताना

गुंडाळीची नळी केबिनच्या बॅगेत मावणार नाही, म्हणून प्रवासापुरती वळकट्या घालून घडी करा आणि साडी हातातच ठेवा, चेक-इन सामानात कधीच नको. बरोबर फोटो आणि माहितीचं पान असू द्या.

भारतातून बाहेर नेताना कायदा लक्षात घ्या. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कला किंवा चालीरीतींची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९५० सालच्या साडीला हा प्रश्न नाही, पण १९१५ च्या शालूला आहे. शंका असेल तर प्रवासाच्या बरंच आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मागा. केतुबावरून काढलेलं साल इथेही कामी येतं.

पोहोचल्यावर साडी लगेच इतर कपड्यांत ठेवू नका. काही आठवडे बंद पिशवीत वेगळी ठेवून कीड नाही ना ते पाहा.

एक साडी, चार नाती

वाटणीसाठी कापू नका. अर्ध्या साडीला ना काठाची सलगता राहते, ना पदराचा अर्थ. सांभाळणारं घर एक ठरवा आणि लेखी ठरवा, नाहीतर तीन-तीन वर्षांनी घर बदला. मेंदीला पणजीचीच साडी नेसायची इच्छा प्रत्येक नातीला होते, आणि ती इच्छा मला मनापासून पटते. पण जुनं रेशीम खांद्यावरचा ताण, पिना, घाम आणि अत्तर सोसत नाही. त्यापेक्षा काठ-पदराचे नीट फोटो आणि मापं घेऊन येवल्याच्या विणकराकडून तसाच काठ आणि रंग असलेली नवी साडी विणून घ्या. ती नवरीने नेसावी, आणि मूळ साडी मेंदीच्या वेळी चादरीवर पसरून सगळ्यांना दाखवावी, गोष्टीचं पान मोठ्याने वाचून.

घरात सांभाळणारं कुणी उरलं नसेल तर संग्रहालयाला द्या. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने भारतीय ज्यूंवर मोठं प्रदर्शन केलेलं आहे, तिथे विचारता येईल. देणगीपत्रात तीन गोष्टी घाला: माहितीचं पान आणि रेकॉर्डिंग वस्त्राबरोबरच नोंदवलं जावं, मालकिणीचं नाव तिच्या गावासकट मराठीतही लिहिलं जावं, आणि कुटुंबातल्या कुणालाही आधी कळवून वस्त्र पाहता यावं.